पुढच्या पंखावरचा ठिपका

खिल्लारे गुरुजींनी जाळीत हात घातला, फुलपाखरू अलगद काचेच्या बाटलीत सोडलं, तोंडावर मलमलीचा तुकडा ताणून धरला आणि बाटली माझ्या हातात दिली.

"बघा मॅडम," ते म्हणाले.

मी मुरमावर गुडघे टेकून बसले. सकाळचे साडेनऊच झाले होते, पण ऑक्टोबरचं ऊन मानेवर बसायला लागलं होतं. बाटलीतलं फुलपाखरू अंगठ्याच्या नखाएवढं. पंख उघडले की निळं, मिटले की राखाडी. दोनदा काचेवर आपटून ते एका बाजूला पाय रोवून बसलं. पुढचा पंख त्यानं मागच्या पंखाआड ओढून घेतला होता. मी वाट पाहत राहिले. थोड्या वेळानं तो पंख सावकाश वर सरकला. मी भिंग लावलं. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधोमध, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका होता.

"आहे ना?" गुरुजींनी विचारलं.

"आहे."

"सकाळपासूनचं हे सातवं."

त्यांनी मलमल काढली. फुलपाखरू उडून सराट्याच्या वेलावर जाऊन बसलं. तिथे त्याच्यासारखी आणखी तीन-चार होती. मी चष्मा काढून पदरानं पुसत बसले.

तेव्हा मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. निळ्या फुलपाखरांवर माझा थोडाफार अभ्यास होता, आणि विदर्भात कुणाला अशी नखाएवढी फुलपाखरं ओळखता आली नाहीत तर फोटो माझ्याकडे यायचे. तीन वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यातल्या खडकदेवळी नावाच्या गावातून एक फोटो आला. पाठवणारे तेजराव खिल्लारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. गावामागच्या मुरमाच्या टेकडीवर त्यांनी तो काढला होता. आपल्या भागात कधीच न सापडलेल्या एका जातीचं ते फुलपाखरू वाटत होतं. साध्या जातीत आणि तिच्यात फरक काय, तर तो एक ठिपका. साध्या जातीत असतो, त्या जातीत नसतो. फोटोत ठिपका दिसत नव्हता. मी अभिप्राय लिहून दिला, ओळख बरोबर आहे म्हणून.

त्या अभिप्रायावर पुढे बरंच काही उभं राहिलं. जवळून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाला मुरूम हवा होता आणि त्यासाठी ही टेकडी द्यायची असं जवळपास ठरलं होतं. गावानं माझा कागद जोडून हरकत घेतली. दुर्मीळ फुलपाखराची जागा म्हणून टेकडी थांबली. गावात शिरताना मला पत्र्याचा फलक दिसला होता, त्यावर दोन हात रुंदीचं निळं फुलपाखरू रंगवलेलं होतं. आता तीन वर्षांनी जिल्ह्याच्या कार्यालयानं मला पत्र पाठवलं होतं. प्रत्यक्ष पाहणी करून ताजा अभिप्राय द्यावा.

मी आले होते ती मात्र आधीच धास्तावून. पत्र आल्यावर मी जुना फोटो काढून पाहिला होता. फोटोतल्या फुलपाखराचा पुढचा पंख मागच्या पंखाआड गेलेला होता. ठिपका नव्हता असं नाही, ठिपक्याची जागाच झाकलेली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं अशी चूक केली असती तर मी त्याला उभं केलं असतं.

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे खरं. आईला अर्धांगवायू होऊन दुसरं वर्ष सुरू होतं. तिचं सगळं अंथरुणात. सकाळी तिचं आवरून कॉलेज, कॉलेजहून आले की पुन्हा तिचं. रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची. पण हे मी गुरुजींना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

"गुरुजी, तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

ते जाळीचा दांडा पुसत होते. "पहिल्याच वर्षी. दिवाळीच्या आधी."

"आणि तुम्ही कळवलं नाहीत?"

हे जरा कडकच निघालं तोंडातून. मी चूक कबूल करायला आले होते, पण समोरच्याच्याही पदरात थोडी पडली तर बरं, असं कुठेतरी वाटलं असणार.

गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. पन्नाशीला आलेला, काटक, उन्हानं रापलेला माणूस. राग दिसला नाही, नवल दिसलं.

"कळवलं होतं ना मॅडम," ते म्हणाले. "तुमचा अभिप्राय आला, त्याच्या पंधरा दिवसांनी. नवे तीन फोटो पाठवले होते. पंख पूर्ण वर घेतलेले. ठिपका साफ दिसत होता. लिहिलं होतं, माझी ओळख चुकली असावी, कृपया पाहावं."

"मला मिळालं नाही ते."

त्यांनी नोंदवहीच्या प्लास्टिकच्या कव्हरातून एक पोस्टकार्ड काढलं. अक्षर माझं होतं. 'आपले पत्र व फोटो मिळाले. ओळख पक्की आहे. अभिनंदन.' खाली सही. तारीख.

मला ती दुपार आठवली. प्रयोगशाळेत मुलांची प्रॅक्टिकल चालू होती आणि मी टेबलावर बसून साचलेल्या पत्रांना उत्तरं लिहीत होते. वीस-पंचवीस तरी असतील. खिल्लारे, खडकदेवळी, हे नाव पाकिटावर वाचलं आणि आत आभाराचं पत्र आणि त्याच फुलपाखराचे आणखी फोटो असणार असं धरून चालले. पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं. नंतर ते रद्दीत गेलं असणार.

"तुम्ही परत का नाही लिहिलंत?" मी विचारलं. आता माझा आवाज खाली गेला होता.

"तुम्ही जाणकार. तुम्ही पक्की म्हणालात, मी मानलं." त्यांनी कार्ड पुन्हा कव्हरात सरकवलं. "खरं सांगायचं तर मानायला बरं वाटलं. त्याच आठवड्यात टेकडीचं काम थांबल्याचा कागद आला होता. गाव नाचत होतं. पण पोरांना वर घेऊन आलो की त्रास व्हायचा. पोरं भिंगातून पाहतात, ठिपके मोजतात. मी म्हणायचो, चला, पुढे चला."

आम्ही दुपारपर्यंत टेकडी फिरलो. गुरुजी झुडूप दाखवायचे, मी नाव लिहायचे. बाभळीवर एक जात, रानतागाच्या फुलांवर दुसरी, खालच्या बांधावर उडदाच्या शेंगांपाशी तिसरी. झऱ्याच्या ओलीत आंबुशी पसरली होती, तिथे आणखी एक. निळ्या कुळातल्या बारा जाती भरल्या. सगळ्या साध्या. कुठल्याही माळावर सापडतील अशा. मी शेवटची ओळ लिहून वही मिटली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "आता काय लिहिणार?"

"तुम्ही सांगा."

"खरं लिहा. आज चार वाजता ग्रामसभा आहे. तिथे आधी सांगा, मग लिहा. मला आता हे पेलत नाही, मॅडम."

जेवण सरपंच देवकाबाई सरनाईक यांच्याकडे होतं. साठीच्या बाई, कोरडवाहू शेतीत आयुष्य गेलेलं, दारच्या बाजेवर बसून त्या सुपात तीळ पाखडत होत्या. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. जेवताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. म्हणजे फुलपाखराचं सगळं. पोस्टकार्डाचं नाही. गुरुजी पलीकडे पाणी पीत होते, त्यांनीही तो विषय काढला नाही.

देवकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "या इकडं," म्हणाल्या आणि मला घरामागे घेऊन गेल्या. तिथून टेकडीचा उतार दिसत होता आणि उताराच्या पायथ्याशी विहिरी. त्यांनी बोट करून मोजून दाखवल्या. दक्षिणेला सात, उत्तरेला तीन.

"टेकडीत पाणी मुरते अन् या दहा हिरीत उतरते. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावाले टँकर येते, आमाले येत नाही. मुरूम गेला का पाणी गेलं. हे आमाले ठावं होतं, आमी लिहूनबी देल्लं होतं. कोनी वाचलं नाही. तुमच्या पाखराचं वाचलं." त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मले एक सांगा. येवढ्याशा ठिपक्यानं आमच्या हिरी जातीन का?"

मी म्हटलं, "मी विहिरींचंही लिहीन."

"लिहा," त्या म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. पण वाद घालायचं त्राणही त्यांच्यात नव्हतं. तीन वर्षं कार्यालयांच्या पायऱ्या चढून त्यांचे गुडघे गेले होते. आत येताना त्यांनी माझाच दंड धरला.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. चाळीसेक माणसं असतील. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, ग्रामसेवक टेबलाशी इतिवृत्ताची वही उघडून. गुरुजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मला खुर्ची दिली होती, पण मी उभी राहिले.

"तीन वर्षांपूर्वी मी जे लिहून दिलं ते चुकीचं होतं," मी म्हणाले. "तुमच्या टेकडीवर ती दुर्मीळ जात नाही. इथलं फुलपाखरू साधं आहे. चूक माझी आहे, आणि मी तसं कार्यालयाला लिहिणार आहे."

एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणते बाई, आणि शेजाऱ्यानं हलक्या आवाजात सांगितलं. मग मागे बसलेल्या एका तरुणानं विचारलं, "पण मॅडम, अशी चूक होते कशी?"

या प्रश्नाचं उत्तर मी जेवणानंतर मनात जुळवून ठेवलं होतं. दोन वाक्यांचं होतं. पहिलं फोटोचं, दुसरं पत्राचं. मी पहिलं वाक्य बोलले.

"गुरुजींनी पाठवलेल्या फोटोत फुलपाखराचा एक पंख दुसऱ्या पंखाआड गेलेला होता. ठिपका झाकलेला होता."

दुसरं वाक्य यायचं होतं. गुरुजींनी नंतर बरोबर फोटो पाठवले होते आणि ते पाकीट मी फोडलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण त्याआधीच पुरुषांमधून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे फोटोच बराबर नव्हता." दोन-चार माना हलल्या. सगळ्यांचे डोळे माझ्यावरून उठून दाराच्या चौकटीकडे गेले.

मला हलकं वाटलं. ते खोटं कशाला सांगू. खुर्चीत बसावंसं वाटलं आणि मी बसले. म्हटलं, जरा श्वास घेते, मग सांगते.

"गुरुजी," देवकाबाईंनी विचारलं, "तुमाले ठावं होतं का?"

"होतं," गुरुजी म्हणाले.

"कवापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"मंग आमाले काहून नाही सांगितलं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते, म्हणून मला माहीत आहे. ते समोरच्या अंगणाकडे पाहत होते. "सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

तो तरुण उठून उभा राहिला. "आमच्या पोरांकडून या पाखराची माहिती तीन वर्षं पाठ करून घेतली तुम्ही. पाव्हण्यांसमोर म्हणायले लावलं. आता आमी कोनत्या तोंडानं सांगायचं?"

"बस रे," कुणीतरी म्हणालं. तो बसला. मग ग्रामसेवकांनी विहिरींसाठी टेकडी राखावी असा ठराव वाचला, सह्या झाल्या, अंगठे झाले. मी प्रत्येक वेळी ठरवत होते की आता बोलते. या माणसाची सही झाली की बोलते. त्या बाईचा अंगठा झाला की बोलते. मग माणसं उठायला लागली, चपला शोधायला लागली. मग व्हरांडा रिकामा झाला.

गुरुजी मला थांब्यापर्यंत सोडायला आले. माझी पिशवी त्यांनीच घेतली होती. वाटेत दोन माणसं भेटली, ती गुरुजींशी न बोलता पुढे गेली. गाडी येईपर्यंत आम्ही लिंबाच्या सावलीत उभे होतो. मी म्हणाले, "गुरुजी, ते पत्राचं..."

"विहिरींचं लिहाल ना?" त्यांनी विचारलं.

"लिहीन."

"नीट लिहा. मोजमापं घालून. वाटल्यास पुन्हा या."

गाडी आली. त्यांनी पिशवी वर दिली.

मी खरंच लिहिलं. आमच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सहकाऱ्याला घेऊन दोनदा जाऊन आले, दहाही विहिरींची पातळी घेतली, टेकडीचे उतार मोजले. फुलपाखराबद्दलची चूक अर्ध्या पानात, आणि पुढे सहा पानं टेकडीची आणि पाण्याची. कार्यालयात सुनावणी झाली तेव्हा अधिकाऱ्यानं मला विचारलं, "स्वतःची चूक स्वतःच सांगायला आलात?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यानं ती सहा पानं लक्ष देऊन वाचली. टेकडीची उत्तरेची बाजू मुरमासाठी गेली. दक्षिणेची बाजू पाण्यासाठी म्हणून राखली. उत्तरेच्या तीन विहिरी पुढच्या दोन उन्हाळ्यांत आटल्या. दक्षिणेच्या सात टिकल्या.

माझं कौतुक झालं. नोंद मागे घेत असल्याचं मी एका नियतकालिकात छापलं, त्यावर लोकांनी लिहिलं की अभ्यासकानं असं असावं. नव्या मुलांच्या शिबिरांत मला ती गोष्ट सांगायला बोलवत. मी सांगत असे. बाटली, भिंग, ठिपका, ग्रामसभेत उभं राहून दिलेली कबुली. मुलं टाळ्या वाजवत. गोष्ट मी तिथे संपवत असे.

खिल्लारे गुरुजींबद्दल पहिल्याच वर्षी कानावर आलं होतं. गावातल्या काही पालकांनी अर्ज केला, शिक्षक मुलांना चुकीचं शिकवतात म्हणून. चौकशीत त्यांनी काहीच म्हणणं मांडलं नाही. लांबच्या शाळेत बदली झाली. रिसोडला त्यांचं घर होतं, तिथून रोज चाळीस किलोमीटर जाणं, चाळीस येणं. मी पत्र लिहायला चार-पाच वेळा बसले असेन. मग आई गेली. मग विभागाची जबाबदारी आली. पत्र राहिलं.

नऊ वर्षांनी, सेवानिवृत्त झाल्यावर, भाचीच्या लग्नाला रिसोडला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. तेही निवृत्त झाले होते. अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली वर्तमानपत्र वाचत बसले होते. केस पूर्ण पांढरे. मला पाहून उठले, आत हाक मारली, "शशिकला, इंगोले मॅडम आल्यात अकोल्याच्या." त्यांच्या पत्नी दाराशी आल्या. त्यांनी मला नीट पाहून घेतलं, नमस्कार केला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. देवकाबाई आता मुलाकडे छत्रपती संभाजीनगरला असतात, असं कळलं. मग मी म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं."

"हो," ते म्हणाले.

"तुम्ही का बोलला नाहीत? तुमच्याकडे माझं कार्ड होतं. तुम्ही नुसतं वर धरलं असतं तरी चाललं असतं."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सावकाश, कडेला कड जुळवत.

"मी वाट पाहत होतो, तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही बसलात तेव्हा कळलं की तुम्ही बोलणार नाही. मग विचार केला. तुमचं नाव खराब झालं असतं तर तुमची विहिरींची पानं कुणी वाचली असती? पाकीटसुद्धा न फोडता अभिप्राय देणारी बाई, असंच झालं असतं ना? मी साधा मास्तर. माझ्या शब्दाला कार्यालयात असंही वजन नव्हतं. माझं नाव गेल्यानं विहिरींना काही होणार नव्हतं."

आत कढईत फोडणी पडल्याचा आवाज आला.

"मी आता लिहिते," शेवटी मी म्हणाले. "गावात जाऊन सांगते."

"सांगा. पण ती पोरं मोठी होऊन पुण्याला, नाशिकला गेली. जी माणसं चिडली होती त्यातली निम्मी गेली. ऐकायला तसं कुणी नाही." ते हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आणि मी मोठेपणानं केलं असं लिहू नका. मला राग होता. फार होता. दोन वर्षं रोज गाडी चालवताना मी तुमच्याशी भांडायचो. जाताना भांडायचो, येताना भांडायचो. हिनं कितीदा ऐकलंय."

शशिकलाबाई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"मग?" मी विचारलं.

"मग दमलो," गुरुजी म्हणाले, आणि पत्नीच्या हातातली एक बशी घेऊन त्यांनी माझ्यापुढे ठेवली.